आठतोंड्या

शेंदूर फासलेल्या दगडांवर तोंड सोडावं तर बडनेऱ्याच्या नत्थुजींनीच. मोटार मेकॅनिक माणूस. दिवसभर गाड्यांखाली, संध्याकाळी हातात खंजिरी. मोझरीच्या राष्ट्रसंतांची शिकवण लहानपणीच अंगात भिनलेली, त्यामुळे देवाला बोकड कापणं म्हटलं की त्यांचं डोकं सरकायचं. सगळ्यात मोठा राग सासुरवाडीच्या आठतोंड्यावर. मूर्तिजापूरकडे मेहुणा सूर्यभान याच्या शेतात विहीर खोदताना हा आठ तोंडांचा देव जमिनीतून निघाला, विहिरीला पाणी लागलं, आणि सूर्यभानने बोकड दिला. प्रसादाचं ताट पुढे आलं तसे नत्थुजी उठले, देवाकडे ढुंकूनही न बघता चालते झाले, ते तीस वर्षं त्या गावाला गेले नाहीत. बायको मैनाबाई मात्र दर वर्षी माहेरी जायची. तिला अडवायची हिंमत नत्थुजींत नव्हती.

यंदा अमरावतीला डॉक्टर कमलाकांतांची नात जुईली आली, आणि आजोबांच्या बंद गॅरेजमधली अमेरिकन गाडी पुसायला लागली. पॉन्टियाक जीटीओ. डॉक्टर तिकडून शिकून येताना बोटीने घेऊन आले होते. ती रस्त्याने निघाली की टांग्यांचे घोडे बिथरायचे. पुढे पेट्रोल भडकलं, आणि डॉक्टरांनी तरण्या नत्थूकडून मूळ इंजिन उतरवून डिझेलचं बसवून घेतलं. "हे जपून ठेव नत्थू, कधीतरी परत बसवू," म्हणाले. नत्थूने शब्द दिला. डॉक्टर गेले, शब्द राहिला.

जुईली बडनेऱ्याला घरी आली आणि गाडीचा सगळा इतिहासच सांगत बसली. "काका, मधल्या आकाराच्या गाडीत इतकं मोठं इंजिन घालायला कंपनीतच बंदी होती. मग काही इंजिनिअरांनी साध्या गाडीच्या जादा सामानात ते घुसवलं. नाव इटलीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललं. आणि तिकडची पोरं त्या तीन अक्षरांवरून तिला काय म्हणायची माहीत आहे? गोट. म्हणजे आपला बोकड."

नत्थुजींना हसू फुटलं. "म्हंजे मी जवानीत बोकडच हाकलला म्हना."

"पण मूळ इंजिन कुठंय?"

ते सासऱ्याच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यात ठेवलं होतं. सूर्यभान तेव्हा शेंबडा पोर होता. पुढच्याच वर्षी सासरा वारला, मग पुरात कोठा बसला आणि इंजिन मातीखाली गेलं. मातीतून चोर नेत नाही, असा विचार करून नत्थुजी निर्धास्त राहिले होते. आता दिलेल्या शब्दापायी त्यांनी तीस वर्षांची शपथ मोडली आणि जुईलीला नि मैनाबाईला घेऊन सासुरवाडी गाठली.

"सूर्यभान, बापूंचा कोठा कुठं व्हता?"

"असं काय करता जवाईबुवा? आठतोंड्या बाबा निंगाले तिथंच तं व्हता."

निंबाखाली ओटा, वर टिनाचं छप्पर, बाजूला नवसाचा बोकड बांधलेला. नत्थुजींनी पहिल्यांदा देवाकडे पाहिलं. दोन उतरत्या बाजू, एकेका बाजूला चार तोंडं, प्रत्येक तोंडात लिंबू. ते ओट्यावरच बसले.

"याले शेंदूर पयल्यांदा कोनं लावला?"

"कोनंच नाई. भाईर निंगाला तवाच लाल व्हता. म्हनून तं सोयंभू."

गंज चढू नये म्हणून इंजिनाला लाल रंगाचे दोन हात नत्थुजींनी स्वतः दिले होते. दसऱ्याला पुढे नारळही फोडला होता. ज्या देवाला शिव्या घालत ते गावोगाव खंजिरी वाजवत फिरले, त्याची स्थापना त्यांच्याच हातची होती.

"मी लावला," ते म्हणाले. "शेंदूर नाई थो. रेड ऑक्साइड. गाडीचं इंजन हाय हे, आठ सिलिंडरचं."

सूर्यभान देवाच्या आडवा उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी बाबाले नेसान तं माह्या विहिरीचं पानी जाईन."

नत्थुजी काही बोलणार, तोच मैनाबाई पुढे आली. "तुमी अकोल्याले दवाखान्यात व्हते, डाक्टरनं हात टेकले व्हते, तवा मी याले बोकड कबूल केला. तुमी वाचले. मंग देला."

हा घाव पहिल्यापेक्षा खोल गेला. स्वतःच्या जिवासाठी, स्वतःच्याच घरातून बोकड. "मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी रागानंच मेले असते." तिचे डोळे भरून आले होते. "आता तुमीच सांगा, मी थो बोकड कोनाले देला?"

जुईली हळूच म्हणाली, "राहू दे काका. इंजिन इथंच राहू दे."

नत्थुजी उठले. निंबाखालचा बोकड सोडला आणि दोरी सूर्यभानच्या हातात दिली. "याले हा बोकड लागत नाई. याचा बोकड अमरावतीले उभा हाय, चार चाकांचा. थोच घेऊन येतो इथं."

मग त्यांनी चपला काढल्या. कुठलीही गाडी उघडण्याआधी जोडायचे तसेच हात जोडले. पण ते लवकर सुटले नाहीत.