छावणीतली घरभेट

दुष्काळाच्या त्या वर्षी मी बीडला कॉलेजात होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. सुट्टीच्या दिवशी एका संस्थेसाठी घरभेटी करायचे. तान्हं मूल आणि हाताशी कुणी नाही, अशा आईकडे जाऊन बसायचं, बाळ बघायचं, तिचं ऐकायचं, एवढंच काम.

एका घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "नवरा गेलाय उसाला. ती लेकरू घिऊन छावणीत हाय."

दूध सोसायटीने गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती. ताडपत्रीखाली ती, तिची गाय आणि झोळीत बाळ. बाळाला जुलाब लागलेले, ओठ सुकलेले. मी जलसंजीवनीची पुडी काढली आणि शिकवलं होतं तसं म्हणाले, "ताई, आधी हात साबणाने धुवा."

"कशानं धू, बाई? थुंकीनं?"

तिची घागर कोरडी होती. माणसांचा टँकर गावात यायचा. छावणीत यायचा तो कानात सोसायटीचा बिल्ला असलेल्या जनावरांचा. टाकीपाशी सोसायटीचा माणूस बसला होता. त्याच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं.

"मॅडम, ह्ये जनावराचं पाणी हाय."

"लेकरू आजारी आहे, काका."

"मग? लेकराच्या कानात बिल्ला हाय का आमचा?" तो हसला. बाजूचे दोघंही हसले.

तेवढ्यात बाळाची आई गाय सोडून घेऊन आली. गाय बघून त्याने तोटी सोडली. गाय तोंड घालणार तोच कासरा मागे ओढून तिने तोटीखाली हातातली बादली भरली.

"ए बाई!"

"कावून वरडता? माज्या गाईच्या वाटचं हाय. आज ती अर्धंच पिईल."

पाणी उकळून, निववून बाळाला चमच्याने पाजलं. तरी ते मलूलच. दवाखान्यात न्यायला हवं होतं, पण ती हलेना. "हजेरीला गाईपाशी कुणी न्हाई दिसलं तर गाईला भाईर काढतेत." मी म्हटलं, गाय मी धरते. मग दुधाच्या टेम्पोतून ती बाळाला घेऊन गेली.

बाळ वाचलं. हे आत्ताच सांगते, कारण बाळ वाचलं म्हणून माझा राग काही गेला नाही.

ऊन उतरल्यावर पुन्हा जनावरांना पाणी पाजायची वेळ झाली. मी कासरा धरून टाकीवर गेले. त्या माणसाने न मागता तोटी सोडली. गाईच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, "पी माय, पी. लई तहानलीस."