गजूभाऊचे एरर

बेसबॉलमध्ये खेळणारे घाम पुसून घरी जातात, किस्से मात्र स्कोअररच्या टेबलावर साचत राहतात. हातातला बॉल सुटला तर फिल्डरचा एरर. कोणी पोचूच शकला नसता, तर बॅटरचा हिट. ठरवायचं मी, म्हणून शिव्याही मलाच!

गजूभाऊ आमचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली ही सगळ्यात धावपळीची जागा. पातूरला घरचा भाजीचा मळा, तिथे ट्रकवर कोबीचे गड्डे झेलून हात तयार झालेला. पोरवयात तो दुसऱ्यांच्या बॉलवरही झेपावायचा.
"गजू, तो बॉल तुह्या नव्हता," टीमचे कोच असलेले सर ओरडायचे.
"बॉलवर का नाव लिहेल असते, सर?"

•

अमरावतीच्या एका मॅचमध्ये मी त्याचे दोन एरर लिहिले. संध्याकाळी तो वांग्यांची पिशवी घेऊन आला. मला वाटलं, आता खोडायला सांगणार.
"तिसरा काहून नाई लिहिला? तोबी माह्याच होता," म्हणाला. वांगी अप्रतिम होती.

•

चाळिशी आली. दर सीझनला तो नवा ग्लोव्ह आणायचा आणि तोच आखूड निघाल्याची तक्रार करायचा. वहिनी एकदा मैदानातच म्हणाल्या, "ग्लोव्ह बरोबर हाय. पोट पाहा."

•

मागच्या वर्षी त्याचा एकही एरर नाही. बॉल दोन हात लांबून निघून जायचा, हा पोचायचाच नाही, आणि मी नियमानं हिट लिहायचो. सर कागद मानणारे. त्यांनी त्याला बेस्ट फिल्डरची ट्रॉफी दिली. त्यानं ती घरी नेलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

•

यंदा अकोल्यात सरांनी मॅचआधीच सांगितलं, "गजू, आज एक जरी एरर झाला, तर तू फर्स्ट बेसवर." फर्स्ट बेसवर फारसं पळावं लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाचव्या इनिंगला बॉल डावीकडून सुसाट गेला. गजूभाऊनं अंग झोकून दिलं. बॉल ग्लोव्हच्या टोकाला चाटून निघून गेला. मी हिट लिहिला.

इनिंग संपल्यावर धुळीनं माखलेला गजूभाऊ टेबलापाशी आला.
"काय लिहिलं?"
"हिट. भाऊ, तो बॉल कोणाच्यानंच अडला नसता."
"माह्याच्यानं अडला असता. एरर लिही."
"सर मागेच उभे आहेत."
"मले दिसून राहिले. लिही."

मी खोडून एरर लिहिला. त्यानं कागद नीट पाहिला, माझ्या पाठीवर थाप दिली, आणि पुढच्या इनिंगला कोणी सांगायच्या आत फर्स्ट बेसवर जाऊन उभा राहिला.