रैनूले घरी आणलं

शाळेतले पोट्टे पंधरा ऑगस्टले मले खुर्चीवर बसवतेत अन् दर साली एकच विचारतेत, "आबाजी, किती जपानी मारले?" मी म्हणतो, नाई मोजले बापा. जपानी माणूस मी जवळून पाह्यला तो लढाई संपल्यावर, अन् तो मलेच सिगारेट मागून राह्यला होता. पोट्टे हिरमुसतेत. मारल्याची गोष्ट माझ्यापाशी नाईच, तं का सांगू? एकाले घरी आणल्याची आहे. आता शंभरीले टेकलो, उद्याचा भरवसा नाई, म्हणून ती एकदाची सांगून टाकतो.

मी मूल गावाजवळच्या खेड्यातला, धान पिकवणाऱ्याचा पोरगा. दुसरी मोठी लढाई चालू होती. चांद्याले भरतीवाले आले, दोन टाइम जेवण भेटते म्हणाले, अन् मी 'बॉय', म्हणजे पोरसवदा खलाशी म्हणून नेव्हीत गेलो. समुद्र आमच्या गावच्या तलावाहून जरा मोठा असंल, इतकीच माझी अक्कल. त्याच रांगेत रैनू उभा होता. एटापल्लीकडच्या जंगलातला गोंड पोरगा. त्याले मराठी थोडी, मले गोंडी शून्य, अन् इंग्रजी दोघालेही नाई. इन्स्ट्रक्टर ओरडला का आम्ही एकमेकाच्या तोंडाकडे पाहत होतो. तिथूनच दोस्ती झाली.

आमचं जहाज मायनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं होतं, पण पॅसिफिकमध्ये त्याच्याकडून एस्कॉर्टचंच काम जास्त घेतलं. ऑस्ट्रेलियाहून न्यू गिनीकडे माल घेऊन जहाजं जात, अन् आम्ही त्यांच्या बाजूनं. पाणबुडीच्या भीतीनं सरळ कधी गेलोच नाई, सदा झिगझॅग. पहाटे अन् सांजेले ॲक्शन स्टेशन्स म्हणजे सगळे आपापल्या गनपाशी, मधात वॉच म्हणजे पहारा, डोळा लागला का अलार्म. लोखंड असं तापे का हात ठेववत नसे. जमीन दिसत नाई, दुश्मन दिसत नाई, अन् तरी जीव सारखा वरखाली. रैनू अन् मी विमानं पाडायच्या एकाच ऑर्लिकन गनवर लोडर होतो. गोळ्यांचं मॅगझिन उचलायचं, गनवर चढवायचं, रिकामं झालं का उतरवायचं. सकाळी डेकवर पंखाचे मासे पडलेले राहत. लाटेतून उडत येत अन् जहाजावर आदळत. आमचा कुक बादली घेऊन फिरे अन् नाश्त्याले तळे.

एकदा बॉयलरवरचा एक स्टोकर तापानं गेला. कॅनव्हासमध्ये शिवला, पायाशी वजन बांधलं, वर झेंडा, फळी तिरपी केली अन् समुद्रात सोडला. जहाज थांबलंसुद्धा नाई. रैनू त्या दिवशी जेवला नाई. डेकवर नुसता इकडून तिकडे.

"का झालं बे?" मी विचारलं.

"त्याले घरी कोण आणणार?"

"नेव्ही नाई आणत कोणाले."

मंग त्यानं आपल्या गावची रीत सांगतली. माणूस गेला का घरचे नदीवर जातेत. नाव घेऊन हाक मारतेत. पाण्यातून पहिला जो जीव हाती येते, मासोळी असो का झिंगा, तो भांड्यात घालून जित्ता घरी नेतेत. म्हणजे गेलेला घरी आला. नाई आणला तं तो भटकत राह्यते.

"मी गेलो तं तू हाक मार," तो म्हणाला. "तू गेला तं मी मारीन."

"आमच्यात तसं नाई करत."

"तरी मारीन."

मी हसलो अन् हो म्हणालो. त्या वयात कोणी मरते का, असं वाटे.

विमान दुपारच्या वेळी आलं. लुकआउट ओरडला, "एअरक्राफ्ट! रेड फोर-फाइव्ह!" म्हणजे डावीकडून. बोलायच्या पाइपवरून ऑर्डर आली, "ओपन फायर!" आम्ही दोन मॅगझिन चढवले. तिसरं रैनूच्या हातात होतं. बॉम्ब जहाजाच्या बाजूले पाण्यात पडला, डेक हादरला, पाणी अंगावर आलं. विमान निघून गेलं. मी हात पुढे केला, "दे!" रैनू गोळ्यांच्या लॉकरले टेकून बसला होता, मॅगझिन मांडीवर. मानेत बॉम्बची कपची घुसली होती, जेमतेम बोटभर. मी आणखी दोनदा म्हणालो, "दे ना बे."

सांजेले त्याले पाण्यात सोडलं. जहाज थांबलं नाई. मी मागच्या रेलिंगले गेलो, दोरानं बादली सोडली अन् हाक मारली, "रैनू!" वर काढली तं नुसतं खारं पाणी. पुन्हा सोडली. पुन्हा हाक. बादलीत एक किडासुद्धा नाई. जहाज पुढे पळून राह्यलं अन् ती जागा मागं मागं.

आमचे चीफ पेटी ऑफिसर कोकणातले होते. रागीट माणूस. त्यांनी मागून बखोट धरलं.

"कुणाला हाका मारतोयस?"

"रैनूले, जी."

"डोकं फिरलं काय रे? बादली इकडे दे. मेसमध्ये जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ॲक्शन स्टेशन्सले आलो. उजाडलं तं गनच्या पायाशी पंखाचा मासा फडफडून राह्यला होता. रोजच पडत, हे मलेही माहीत होतं. पण त्या दिवशी कुकनं त्याच्यावर हात टाकला अन् मी असा ओरडलो का आख्ख्या गन क्रूनं पाह्यलं. "हा नाई! हा तळायचा नाई!" मी मासा उचलला, बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात सोडला. जित्ता न्यायचा होता. कसा, हे नका विचारू. दुपारलोक तो जगला अन् मंग उलटा झाला. रैनू गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या बादलीपाशी रडलो.

चीफ आले. आता फेकून दे म्हणतील, असं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. ते कुकवर गरजले, "मीठ आण! जाडं!" अन् आपल्या हातानं पोट फाडून, धुऊन, मीठ भरून दिलं. "असा ठेवलास तर कुजला असता, गाढवा. पंख मोडू नकोस." पुढं किट इन्स्पेक्शनच्या, म्हणजे सामान तपासायच्या वेळी तो मासा त्यांच्या स्वतःच्या लॉकरमध्ये राहे.

लढाई संपली तरी समुद्रातले सुरुंग आम्हाले काढायचे राह्यले होते, सुट्टी लवकर भेटली नाई. गावी आलो तं माझी माय म्हणाली, "हे का आणलं बापा? वास मारते!" तिले तोंड दाखवलं अन् दुसऱ्या सकाळी निघालो. वैनगंगा डोंग्यानं पार केली, पुढं बैलबंडी, पुढं पायी. सारा रस्ता एकच घोर. जित्ता पाह्यजे होता. मी मेलेला घेऊन चाललो होतो.

रैनूची आई अंगणात मोहफुलं वाळवून राह्यली होती. "जोहार," मी म्हणालो. तिले मराठी येत नव्हती, रैनूचा लहान भाऊ मधात बोलला. पोरगा गेल्याची खबर त्यांना कधीचीच भेटली होती.

"आई म्हणते, आम्ही नदीवर लय वेळा गेलो. हाक मारली. हाती काहीच आलं नाई. ती अजूनही जाते."

मी फडकं सोडलं. तिनं मासा पाह्यला, मंग माझ्याकडे.

"आई विचारते, कुठी धरला?"

"धरला नाई. हाक मारल्यावर दुसऱ्या सकाळी आपणच जहाजावर आला."

"जित्ता होता का?"

"जित्ता होता. दुपारलोक. मले नाई जगवता आला, माय."

तिनं बोटानं त्याचा पंख हळूच उघडला. वाळलेला, पारदर्शक, पण आख्खा होता. काहीतरी बोलली.

"आई म्हणते, पंख होते म्हणून आला. आमच्या नदीत शोधून कसा भेटंल, तो तं तुझ्यासंगं होता."

मंग तिनं नवं मडकं घेतलं, पाणी भरलं, मासा त्यात ठेवला अन् ते मडकं माझ्या हाती दिलं. ती घरात गेली, दार लावलं. भाऊ म्हणाला, आतून विचारलं का उत्तर द्यायचं, जो आणते त्यानंच. आतून आवाज आला, "कोण आलं?" इतकं मराठी तिनं माझ्यासाठी शिकून घेतलं होतं, मडकं भरताभरता, धाकट्या पोराजवळून. मी मडकं छातीशी धरलं. तिनं पुन्हा विचारलं.

"रैनू आला," मी म्हणालो.

दार उघडलं.

त्यांच्या गावच्या शिवारात रैनूच्या नावाचा दगड उभा आहे. पाय चालले तोवर दर साली गेलो. गेल्या साली नातवानं गाडीनं नेलं. येताना वैनगंगेच्या पुलावर मी गाडी थांबवली अन् त्याले सांगतलं, मी गेलो का इथी येऊन एकदा माझं नाव घेऊन हाक मार.

"आबाजी, आपल्यात असं नाई करत."

"रैनू मारणार होता," मी म्हणालो. "तो नाई ना आता. तू मार."