गोकुळचा सौदा

डोणगावच्या तौसिफ टेलरने जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण फुटबॉलच्या भांडणात त्याच्याइतका मान गावात कुणाला नव्हता. मित्रांच्या मोबाइल ग्रुपवर लीग चालायची; जो तो खऱ्या खेळाडूंची नावं निवडून आपली कागदावरची टीम बांधायचा. ते खेळाडू तिकडे परदेशात गोल करायचे आणि त्याचे गुण इकडे यांच्या टीमला मिळायचे. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपलाच, सोडायचा तर अदलाबदल करूनच. ती अदलाबदल रास्त की लबाडीची, हे तौसिफ ठरवायचा.

त्याची पद्धत शिंप्याची. शिलाई पाहायची तर कपडा उलटा करतात, तसा तो सौदाही उलटा करून विचारायचा, "तू त्याच्या जागी असता तर दिलं असतं का?" जो अडखळला, त्याचा सौदा रद्द. लोक रुसायचे, पण शब्द मोडत नसत.

गोकुळ म्हणजे ग्रुपातला महाचिक्कट. कोवळी पोरं हेरायची, जपून ठेवायची, "थांबा, पुढं बघा" म्हणायचं आणि दरसाल तळाला बसायचं. त्या गोकुळने एका सकाळी आपला सगळ्यात गुणी तरणा खेळाडू ग्रुपातल्याच वहाबला देऊ केला. बदल्यात काय मागावं? आज गोल मारणारा, पण यंदा खेळून निवृत्त होणारा म्हातारा खेळाडू!

तौसिफने त्याला ग्रुपवरच झाडलं, "काऊन बे गोकुळ, डोकं फिरलं का तुह्यं? रद्द!" सगळे खदखदून हसले.

दुपारी गोकुळ दुकानात आला. पँट कमरेत आवळायची होती. तौसिफने टेप लावला, तर आकडा चार इंचांनी उतरलेला. याच माणसाचं माप त्यानं दिवाळीत घेतलं होतं.

"इतका काऊन वाळला बे?"

"अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, दिवस कमी हायेत," गोकुळ म्हणाला. "घरी पूनमले माहीत हाये. बाकी कोणाले सांगू नको, तुले माही शपथ. लोक कीव करतीन. मले यंदा एकडाव जिंकू दे. ते पोट्टं मोठं होईन, तवा मी कुठं राहीन?"

तौसिफला संताप आला. गोकुळचा, डॉक्टरचा, आपल्या त्या 'रद्द'चा. मंजूर केलं तर पंच फितला म्हणून गावभर बदनामी होणार, ते एक वेळ सोसवलं असतं. पण मंजूर करणं म्हणजे गोकुळ पुढच्या वर्षी नसणार, हे आपल्या हातानं कबूल करणं. हात धजेना.

गोकुळ गेल्यावर त्याने वहाबला फोन लावला. "तू गोकुळच्या जागी असता तर दिला असता का?"

"मी? मी काय येडा हाये का?" वहाब हसला. त्याला काय ठाऊक!

मग तौसिफ स्वतःच मनानं गोकुळच्या जागी जाऊन बसला. शेवटी ग्रुपवर लिहिलं, "फेरविचार केला. सौदा बरोबरीचा आहे. मंजूर."

ग्रुप पेटला. "वहाबच्या घरी दावत झाली वाटते!" "पंच बदला!" तेवढ्यात गोकुळचा मेसेज आला, "पंचाले काही बोलू नका बे. पुढच्या वर्षी पाहा, वहाबकून दुप्पट वसूल करतो."

तौसिफने डोळे पुसले आणि पँट मशीनवर घेतली. कंबर मापानं आवळली. आतलं जादा कापड मात्र कापलं नाही. अंग भरलं तर पुन्हा सैल करता यावी म्हणून ते तसंच दुमडून ठेवलं.