कुंकवाच्या पाण्यातला सराव

बाहत्तरच्या दुष्काळात मी उस्मानाबादला नर्सिंगच्या शाळेत शिकत होते. आमचं गाव लोहाऱ्याच्या अंगाला. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. आमच्या बौद्ध वस्तीतली बाहेरगावी शिकायला गेलेली पहिली मुलगी मीच.

शिकवणाऱ्या बाई कोकणातल्या. एके दिवशी आम्ही वर्गात शिरलो तर बाई स्वतःच खाटेवर आडव्या झालेल्या. शेकायच्या रबरी पिशवीत कुंकवाचं पाणी भरून त्यांनी ती लुगड्याखाली धरली होती. कुशीत चिंध्यांचं बाळ.

"मी बाळंतीण. बाळामागची वारही पडलीय, पण रक्त थांबत नाही. करा काय करायचं ते," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

लाल पाणी चादरीवरून फरशीवर आलं तशी आमची धांदल उडाली. दोघी सलाइनच्या एकाच स्टँडला झोंबल्या. एकीनं बाळ उचललं, एक डॉक्टरांना बोलवायला धावली, दुसरीही तिच्याच मागं. रक्त थांबवायला आधी पोट चोळायचं असतं, पण पोटाला हात कुणीच लावला नाही. जी ती वाट बघत होती, दुसरी लावील म्हणून.

"मेले मी," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

आम्ही फिदीफिदी हसलो. बाई उठून बसल्या. लुगडं लालभडक, पण चेहऱ्यावर राग नव्हता. प्रत्येकीला त्यांनी काय केलं ते विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे प्रत्येकीनं आपापलं बरोबर केलं," त्या म्हणाल्या, "आणि मी मेले."

मग त्यांनी मला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. कशाला हात लावायचा नाही, फक्त कुणी काय करायचं ते मोठ्यानं सांगायचं. जिला सांगितलं तिनं ते परत म्हणायचं, मग करायचं.

माझा आवाजच फुटेना. गावातून जाताना खाली मान घालून, हळू बोलायचं, हेच आईनं लहानपणापासून शिकवलेलं. आणि समोर उभी होती नळदुर्गकडच्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी. घरी कानडी बोलणारी, हुशार. वसतिगृहात माझ्या पंगतीला ती कधी बसत नसे.

"पोट धर. चोळ," मी कसंबसं म्हणाले.

ती बाईंकडं बघू लागली.

"माझ्याकडं काय बघतेस? मी बेशुद्ध आहे," बाई म्हणाल्या.

ती खाटेजवळ सरकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोट धरते. चोळते."

माझे शब्द तिच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. भीतीच जास्त वाटली.

त्यानंतर बाईंनी तो सराव किती वेळा करून घेतला! कधी मी सांगणारी, कधी ती.

उन्हाळ्यात आम्हाला तामलवाडीजवळ पाझर तलावाच्या कामावर मजुरांना लस टोचायला नेलं. तिथं खोपीत एक बाई बाळंत झाली. आमच्या सोबतची सिस्टर न रडणाऱ्या बाळाची पाठ चोळत होती. तेवढ्यात बाळंतिणीखालची गोधडी भिजायला लागली.

"रक्त लई जातंय," मी ओरडले. "तू पोट धर!"

"पोट धरलं," लिंगायत मुलगी म्हणाली. या खेपेला ती कुणाकडं बघत बसली नाही.

बाळंतिणीचे पाय उंच करायला मी त्यांच्याखाली घमेली पालथी घातली. मुकादमाला ट्रॅक्टर आणायला सांगितलं, त्यालाही ते परत म्हणायला लावलं. तो चमकला, पण म्हणाला. बाळ रडलं तसं सिस्टरनं ते दाराशी उभ्या असलेल्या सासूकडं दिलं आणि बाळंतिणीला इंजेक्शन टोचलं. बाळंतिणीचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं निघालं. पोट चोळता चोळता ती मुलगी तिच्याशी कानडीत सारखी बोलत राहिली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण बाळंतिणीचे डोळे तिच्यावरच खिळले होते. हळूहळू पोट घट्ट लागलं, रक्त ओसरलं. ट्रॅक्टरनं तिला तुळजापूरच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली, बाळही वाचलं.

आम्ही दोघी त्यानंतर जिवलग मैत्रिणी झालो असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. पण हाक मारली की ती ओ द्यायची, आणि तिच्या हाकेला मी.

परत आल्यावर बाईंना फुशारकीनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "तिथं कुणाचं ऐकायचं राहून गेलं?"

 मग मला आठवलं. सासू बाळाला छातीशी धरून दाराशी उभी होती आणि सारखी विचारत होती, "माझी सून जित्ती हाय का? आगं, सांगा की कुणीतरी." सगळं शांत झाल्यावरही तिला उत्तर द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या सरावाला बाईंनी मला डोक्यावर पदर घ्यायला लावला, हातात चिंध्यांचं बाळ दिलं आणि दाराशी उभं केलं. "तू सासू. विचारत राहा," म्हणाल्या.

मी विचारत राहिले. खाटेभोवती मुली एकमेकींना हाका देत होत्या, कामं चोख चालली होती, आणि माझ्याकडं कुणी वळून बघत नव्हतं. खोटंच होतं सगळं, तरी मी चिंध्यांचं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि आणखी मोठ्यानं विचारलं, "माझी सून जित्ती हाय का?"