कॅमेऱ्यासमोरची कापूसवेचणी

पंचफुलाबाईंनी धामणगाव रेल्वे या गावाच्या आसपासच्या वावरांत चाळीस वर्षं कापूस वेचला. जीभ तिखट आणि हात त्याहून चपळ. मुलगी प्रियदर्शनी कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकायचं म्हणाली, तेव्हा "कार्टूनवर पोट भरते काय कोनाचं?" असं करवादत त्यांनीच तिची बॅग भरून तिला अमरावतीला धाडलं.

आता पोरीला पहिलं काम मिळालं होतं, स्वच्छ कापूस कसा वेचावा हे दाखवणाऱ्या फिल्मचं. ती आधी गावातल्या वेचणाऱ्या बायांनी पाहायची; त्यांना पटली तरच पुढची कामं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर प्रियदर्शनी जशी हलायची, तशीच पडद्यावरची बाहुली हलायची. ते पाहून पंचफुलाबाईंची हसून हसून मुरकुंडी वळली.

"कापूस येचून रायली का माशा हाकलून रायली? सरक, मी दाखोतो."

पण साडीमुळे कॅमेऱ्याला गुडघेच सापडेनात. बाहुलीचे पाय एकमेकांत गुंतायचे. शेवटी बाईंनी लेकीची ट्रॅकपँट चढवली, कमरेला कापसाची ओटी बांधली आणि घरातल्या घरात नसलेल्या पऱ्हाटीच्या झाडांची अख्खी ओळ वेचून काढली.

दुसऱ्या दिवशी बाहुली दोन्ही हातांनी झपाझप वेचत होती. आपलेच हात ते! बाईंचा ऊर भरून आला. मग कपाळाला आठी पडली.

"मी मधात थांबून कंबर सरळ केली होती. थे कुठी गेलं?"

"कापलं, माय. थांबलेलं बरं नाई दिसत."

"अवं, मालक लोक पाहतीन अन् म्हनतीन, पाहा, हे बाई थांबतच नाई! बाया मरतीन ना तुह्या बाहुलीपायी."

प्रियदर्शनीचं तोंड एवढंसं झालं. कापलेला तुकडा तिने परत जोडला.

फिल्म गावच्या बुद्धविहारात वेचणाऱ्या बायांना दाखवली. पोरीचं काम आता या बायांच्या हाती होतं. बाहुलीने कापूस वेचला, मग ती थांबली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. मागे खुर्चीवर बसलेल्या महादेवरावांची वीस एकर कपाशी. त्यांनी विचारलं, "हे बाई थांबली काहून?"

"कंबर दुखते म्हून!" सगळ्या बाया एका दमात ओरडल्या.

सगळ्यांत मोठा आवाज पंचफुलाबाईंचा होता. चाळीस वर्षांत त्यांनी हे कुठल्याच मालकाला ऐकवलं नव्हतं. फिल्म पटली का, हे मग कोणाला विचारावंच लागलं नाही.