पिशवीला खिडकीची जागा मिळाली

सोलापूर ते वैराग हा प्रवास मी नोकरीची सगळी वर्षं बसून केला. उभा राहून एकदाही नाही.

यातली थोरवी ज्यांना कळत नाही त्यांनी सकाळच्या एसटीला स्टँडवर येऊन बघावं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल पडला की ती जागा आपली. मग दारातली रेटारेटी संपेपर्यंत निवांत उभं राहायचं. एवढी साधी रीत साऱ्या जगाला ठाऊक असेल असं मला वाटलं, यात माझं काय चुकलं?

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही चौघं स्वित्झर्लंडला गेलो. मी, माझी बायको सुलभा, माझा जुना दोस्त दत्ता आणि त्याची बायको मंगलवहिनी. दत्ताचा टेंभुर्णीला ट्रकचा धंदा आहे. सहल आधी ठरली आणि त्याच्या पोरीचं लग्न नंतर ठरलं, त्यामुळे घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी साखरपुडा होता. दत्ता बर्फ बघायचं सोडून दिवसभर फोनवर मांडववाल्याशी भांडत होता.

पासपोर्ट त्यानं सुरुवातीलाच माझ्या हवाली केले. "मास्तर, तू शिक्षक मानूस. माज्याकडं ऱ्हायलं तर कुटंतरी इसरीन की." म्हणून चौघांचे पासपोर्ट माझ्या निळ्या पिशवीत तळाला, त्यावर शेंगाचटणीचा डबा, त्यावर कडक भाकऱ्या. इतका बंदोबस्त बँकेतसुद्धा नसतो.

शेवटच्या दिवशी टूरवाल्यांनी आम्हाला गोंडोलात बसवायला नेलं. गोंडोला म्हणजे तारेला लटकून डोंगर चढणारे काचेचे डबे. एकामागून एक येतात, आणि स्टेशनातसुद्धा थांबत नाहीत. (हे आम्हाला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी लेखी द्यायला तयार आहे.) नुसते हळू होतात. दार उघडं ठेवून पुढे सरकत राहतात आणि माणसांनी चालता चालता आत शिरायचं. आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात कुठल्या रिक्षावाल्यानं असं केलं असतं तर त्याला खाली उतरवून जाब विचारला असता.

आमच्या मागे दुसऱ्या टूरचा मोठा घोळका होता आणि तो रेटत पुढे येत होता. तेवढ्यात एक रिकामा डबा आला. दार उघडं. माझा हात आपोआप उठला. रुमाल मात्र तीन स्वेटरांच्या आतल्या खिशात होता. हातात होती पिशवी. टाकली. नेम अचूक. पिशवी खिडकीकडच्या सीटवर जाऊन बसली.

"धरली जागा," मी म्हणालो. "आता सावकाश चढा."

मी पिवळी पट्टी ओलांडली होती म्हणे. गणवेशातल्या एका माणसानं मला दंडाला धरून मागं ओढलं. तेवढ्यात डब्याचं दार आपोआप लागलं. मी डब्यावर थापा मारल्या, "ओ, थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलो. पिशवी एकटी डोंगर चढू लागली.

"मास्तर," दत्ता हळूच म्हणाला, "पासपोर्ट कुटं हायत?"

मी वर बोट दाखवलं.

"उद्याचं इमान हाय. माज्या पोरीचा साकरपुडा हाय की रं." मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त संताप आला. डबा थांबत नाही आणि बघतात सगळे माझ्याकडे.

मागच्याच डब्यात आम्हाला कोंबलं. समोर काचेतून आमची पिशवी दिसत होती, ऐसपैस बसलेली. "वर कुणीतरी काढून ठेवेल," मी म्हणालो. कुणीही काढून ठेवली नाही. आम्ही वरच्या स्टेशनात शिरलो तेव्हा तो डबा वळसा घालून पिशवीसकट खाली निघाला होता. वरचा माणूस सँडविच खात होता.

"अहो, इथंच थांबू," सुलभा म्हणाली. "फिरून येईल की ती."

"थांबू?" मी कडाडलो. "दत्ताच्या पोरीचा साखरपुडा आहे आणि तू थांबू म्हणतेस?"

बायकांना तिथंच सोडून मी आणि दत्तानं खाली जाणारा डबा पकडला. एकाच तारेवरचे डबे एकमेकांना गाठत नसतात हे मला आता कळतं. त्या वेळी मात्र मी दत्ताला "अंतर कमी होतंय" असं सारखं सांगत होतो.

"ड्रायवरला सांग की, जरा हान म्हनावं," दत्ता म्हणाला. डब्याला ड्रायव्हरच नसतो हे त्याला पटवता पटवता आम्ही खाली पोचलो. पिशवी पुन्हा वर निघाली होती.

आम्ही उतरलोच नाही. गणवेशवाला काचेवर ठोकत राहिला. मी त्याला मराठीत असं काही सुनावलं की ते त्याला समजलं नाही हेच बरं. आम्ही परत वर निघालो. मध्येच दत्ता म्हणाला, "आता मोबाइलवर बगायचा व्हय रं मी पोरीचा साकरपुडा?"

वर पोचताना समोरून पिशवीचा डबा उतरत आला. सीट रिकामी. "गेली," म्हणून दत्ता मटकन खालीच बसला. मी त्याला उठवून बाहेर आणलं.

बाहेर गच्चीवर, भर गर्दीत, एका बाकावर सुलभा आणि मंगलवहिनी उन्हात बसल्या होत्या. मांडीवर निळी पिशवी, शेजारी चटणीचा उघडा डबा.

"डबा आला, दार उघडलं, हात घालून काढून घेतली," सुलभा म्हणाली. "पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहेत. भाकऱ्या मात्र संपल्या. तुम्ही येईनात."

बाकाच्या उरलेल्या भागावर तिचा रुमाल पसरलेला होता. "बसा. जागा धरून ठेवलीय."

बसलो. तोवर ढग आले होते आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला होता.

साखरपुडा थाटात झाला. दत्ता वेळेवर हजर होता, नव्या फेट्यात, आणि पोरीला बघून सारखे डोळे पुसत होता. अंगठ्या कुणाकडे ठेवायच्या असा विषय निघाला तेव्हा मी हात पुढे केला. दत्तानं त्या सुलभाकडे दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुज्यासाटी लई जबाबदारीचं काम राखून ठिवलंय," आणि माझ्या हातात एक रुमाल ठेवला.

व्याह्यांची मंडळी येईपर्यंत पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मी धरून ठेवल्या. एकही जाऊ दिली नाही. (खुर्च्या जागच्या हलत नव्हत्या, हेही सांगायला हवं.)